हजेरीतलं दुसरं नाव

१

दुपारी तीनला वर्ग सुरू व्हायचा. त्याआधीचं माझं सगळं ठरलेलं. खिडकीचा पडदा पाण्यात पिळून परत टांगायचा, चटई घालायची, टॅब पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायचा, लेकीच्या हातात तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी द्यायच्या आणि तोंड बंद ठेवून बस म्हणून बजावायचं. तोंड बंद ठेवून कैरी कशी खायची, हे तिनं एकदा विचारलंही होतं. एप्रिलात इथं तेलंगणात, आमच्या कोरुटल्यात, शाळा सकाळपुरतीच असते. पण हिची शाळा स्वतःला जरा जास्तच शाळा समजते, म्हणून दुपारी उजळणीचा एक तास घरून, टॅबवर. टॅब हिच्या बापानं, संपतनं, शारजाहून पाठवलेला.

वर्गात मुलांचे छोटे चौकोन दिसत. प्रत्येक चौकोनाखाली त्या टॅबचं नाव. टॅबला मुलाचंच नाव द्यायचं हा शाळेचा नियम, आणि टीचर त्यावरूनच हजेरी घ्यायच्या. आमच्या चौकोनाखाली लिहिलेलं असे, पेंटम्मा.

पेंटम्मा म्हणजे तेलुगूत उकिरड्यावरची. हे माझ्या मुलीचं नाव आहे. आधारकार्डावरही हेच, शाळेच्या दाखल्यावरही हेच. माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. दोन वर्षांनी ही झाली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, अत्तम्मांनी, हिला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या पोसव्वाला ती तिथं 'सापडली'. पोसव्वा तिला घेऊन दारात आली आणि मी मूठभर कोंडा देऊन माझ्याच पोटची पोर तिच्याकडून परत घेतली. टाकून दिलेल्या पोरीवर कोण डोळा ठेवणार, असा त्यातला हिशेब. मी बी.एस्सी. झालेली आहे. पण टाके ओले होते, आणि पदवी घेऊन कुणी बाळंतिणीच्या खोलीत झोपत नाही.

त्या सोमवारी टीचरनी हजेरीत ते नाव वाचलं आणि एका चौकोनातल्या पोरानं नाक दाबलं. मग दुसऱ्या चौकोनातल्यानं, मग सगळ्यांनी. तास संपल्यावर माझी लेक स्वयंपाकघरात आली आणि आपला दंड माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "अम्मा, मला वास येतो का?"

मी टॅब घेतला आणि सेटिंग उघडलं. अगदी खाली 'टॅबविषयी', तिथं नाव, नावापुढे पेन्सिलीचं चित्र. जुनं नाव निवडून वर सरळ नवं टाइप केलं: स्निग्धा. ठीक आहे, असं दाबलं. बस. पाच वर्षं सासूशी, नवऱ्याशी, तलाठ्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांशी भांडून जे झालं नव्हतं, ते अर्ध्या मिनिटात झालं. मला एवढं बरं वाटलं की मी उरलेल्या कैऱ्या स्वतःच खाल्ल्या.

नाव मी पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यात शोधलेलं होतं. आमच्यात बारसं एकविसाव्या दिवशी असतं, आणि तोवर ती राहिली नाही. म्हणजे नाव कोरंच होतं. असं मी स्वतःला सांगितलं.

२

गुरुवारी संध्याकाळी शाळेचा निरोप आला. पेंटम्मा मंगळवारपासून तीन दिवस गैरहजर, कारण कळवावे.

माझं डोकंच फिरलं. तिन्ही दिवस पोर माझ्या डोळ्यांसमोर चटईवर बसली होती. मी लगेच तिच्या टीचरना, स्रवंती मॅडमना, फोन लावला आणि फी भरताना जो आवाज वापरते तोच वापरला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, की स्निग्धा रोज येते, हात सगळ्यांत आधी वर करते, काही तक्रार नाही. पण पेंटम्माचा चौकोन काळाच असतो, नाव पुकारलं तरी उत्तर येत नाही.

मी म्हटलं, दोन्ही एकच आहेत, मी फक्त टॅबचं नाव बदललं.

त्या म्हणाल्या, "अस्सं. माझ्या यादीत तुमच्या घरचे दोन टॅब दिसतात, म्हणून मला वाटलं दोघी बहिणी आहेत."

माझ्या घरात टॅब एकच आहे, हे मी सांगितलं. त्याला तडा कुठे गेलाय तेही सांगितलं, का ते माहीत नाही. मॅडम हसल्या. काहीतरी बिघाड असेल म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता माझं कौतुक केलं, की घरी चांगलं शिकवता हो तुम्ही. तुमच्या खोलीत अंधार असतो, मला तिचं कपाळच तेवढं दिसतं, पण सातचा पाढा न अडखळता म्हणते. या वर्गात अजून दोनचाच चालू आहे.

माझी लेक वीसपर्यंत मोजते, आणि त्यातही चौदा गाळते.

सातचा पाढा दुसरीत असतो. दुसरीतलं मूल सात वर्षांचं असतं. मी हिशेब केला नाही. तो आपोआप झाला.

३

संपतला शुक्रवारी सुट्टी असते. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जुनं नाव कुठेतरी साठून राहतं, दोन दिवसांत आपोआप निघून जाईल, आणि टीचर चाळीस पोरांत गोंधळली असेल. तिकडे बसून सगळंच दोन दिवसांत होतं, असं मी त्याला ऐकवलं. नवं नाव काय ठेवलंस, हे त्यानं विचारलं नाही. ते नाव त्याला माहीतच नव्हतं. कुणालाच नव्हतं.

त्याचं म्हणणं मला पटलं होतं, हे इथं नमूद करते. पटण्यासारखंच होतं.

त्याच दुपारी वर्ग चालू असताना लेकीनं कैरीचा तिखट हात डोळ्याला लावला. मी तिला उचलून न्हाणीत नेलं, डोळ्यावर पाणी मारत होते. ती रडत होती, मग हुंदके देत होती, मग थांबली. बाहेरच्या खोलीतून मॅडमचा आवाज येत होता. न्हाणीच्या दाराशी अत्तम्मा बिड्या वळत बसल्या होत्या, त्यांची कात्री टेंभुर्णीच्या पानांवर कच कच चालली होती.

"स्निग्धा, तू सांग. सात साते?"

मग काहीच नाही. पण ते नुसतं काहीच नाही नव्हतं. एका उत्तराला जेवढी जागा लागते, बरोबर तेवढीच ती शांतता होती. मग मॅडम म्हणाल्या, "शाब्बास. सात आठे?" पुन्हा तेवढीच जागा. "शाब्बास. सात नव्वे?"

मी ओल्या हातांनी बाहेर आले. चटई रिकामी होती. टॅब डब्याला टेकलेला, पडद्यावर चाळीस चौकोन. आमच्या चौकोनात आमची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर. मॅडम दुसऱ्या मुलाला विचारत होत्या.

मी वळून पाहिलं. अत्तम्मांची कात्री थांबली होती.

४

सोमवारी टॅब उघडेना. तो चेहऱ्यानं उघडतो. संपतनं व्हिडिओवरून सांगून लेकीचा चेहरा त्यात घातला होता. ती समोर धरून बसली आणि पडदा म्हणाला, चेहरा जुळत नाही. तिनं केस मागे घेतले. जुळत नाही. हसून पाहिलं. जुळत नाही. शेवटी मी आकडे घालून उघडला आणि म्हटलं, कैरीनं तुझा डोळा सुजलाय ना, म्हणून. डोळा कधीचाच उतरला होता.

तास झाल्यावर अत्तम्मांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे सुपात तंबाखू आणि कापलेली पानं होती. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "स्वरूपा, पोरीचं नाव बदललंस."

मला हेच हवं होतं. पाच वर्षं तोंडाशी येऊन राहिलेलं सगळं मी बाहेर काढलं. पोर आपल्याच कातडीचा वास घेत होती, हे सांगितलं. तुमचं सूप आणि तुमचा उकिरडा तुमच्यापाशी ठेवा, म्हटलं. माझ्या बाळाला मी कोंडा देऊन विकत घ्यायचं म्हणजे काय, माझा काय अपमान कमी होता या घरात, असंही म्हटलं. बोलताना मला जाणवत होतं की मी जरा जास्त चांगलं बोलतेय, जणू कुणी ऐकून मार्क देणार आहे.

अत्तम्मांनी एक बिडी वळून पुरी केली. दोरा गुंडाळला.

"बदललंस ते बदललंस. तू शिकलेली आहेस, मी काय बोलणार. एवढंच सांग, नाव नवं आहे ना? आधी कुणाला घातलेलं नाही ना?"

"नाव काय साडी आहे का, आधी कुणी नेसलेलं असायला?"

"बिड्डा, पोरी, मी विचारते ते सांग."

"नाही घातलेलं."

"मग झालं," असं त्या म्हणाल्या आणि पुढचं पान घेतलं. "संपतच्या आधीचे दोघे मी नावानं हाक मारण्याआधीच मातीला दिले. म्हणून ते गेले ते गेले. हाक मारली असती तर थांबले असते कुठेतरी, पुन्हा कधी बोलावते म्हणून."

मी खोटं बोलले होते. नवव्या दिवशी पहाटे काचेच्या पेटीचं झाकण उघडून नर्सनं मला आत हात घालू दिला होता. ती कुणाचाच आवाज न ऐकता जाईल, या कल्पनेचाच मला संताप आला. एकवीस दिवस म्हणे थांबा. कुणासाठी? मी वाकले आणि तिच्या कानात नाव सांगितलं. एकदाच. तिनं डोळे उघडले नाहीत, पण मान माझ्या बाजूला वळवली.

५

आता जे लिहिते, ते लिहिताना मला माझीच लाज वाटते.

नाव परत बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बदललं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. दुपारी तीन वाजले की मी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभी राहायची आणि त्या मोकळ्या जागा ऐकायची. सात एके. सात दुणे. मॅडमचं शाब्बास. एकदा मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तुला कुणी शिकवलं?" त्यानंतरची जागा बरीच लांब होती. तिथं काय सांगितलं गेलं, ते ऐकण्यासाठी मी काय दिलं नसतं.

भ्रम असेल, असं मी रोज स्वतःशी म्हणत होते. भ्रम असेल तर ऐकायला काय हरकत आहे, हेही म्हणत होते. आणि कुणी विचारलंच असतं तर मी त्याच्यावरच उखडले असते, की सात वर्षं मी काय मागितलं होतं तुमच्याकडे?

या सगळ्यात धाकटी मात्र उणी उणी होत चालली होती. चटईवर बसायची, पण कडेला सरकून, जणू शेजारी कुणाला जागा दिली आहे. कैरीच्या फोडी वाटीतच राहायच्या. मी हाक मारली, "पेंटम्मा", तर मान वळत नसे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारली की वळे, तीही अशी, की दुसऱ्याच कुणाला हाक मारली आणि आपण उगाच पाहिलं. ती माझ्यावर रागावलीय असं वाटून मी तिला रागावले. म्हणाली, "मला नाही बोलवत कुणी."

बुधवारी रात्री अंग तापलं. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून सांगितलं. मीठ-साखरेचं पाणी द्या, ओल्या फडक्यानं पुसा. दुपारपर्यंत ताप उतरला नाही. तिला उचललं तर ती मला हलकी लागली. पाच वर्षांचं पोर पाच दिवसांत हलकं होत नाही, हे मला कळतं. मी सायन्सची आहे.

शुक्रवारी तीनच्या आधी, आज वर्ग नको म्हणून टॅब बंद करायला मी गेले. तो डब्याला टेकून उभा होता, काळा, चटईकडे तोंड करून. चटईवर कुणी नव्हतं. मी हात लावायच्या आत पडदा उजळला. वर हिरवी खूण आली: चेहरा जुळला.

६

मी लेकीला आतून उचलून आणलं आणि मांडीवर घेऊन चटईवर बसले. तिला एकटी ठेवायची माझी छाती झाली नाही. ती गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून पडली, पावलं माझ्या मांडीखाली खुपसली. त्या पावलांचा चटका मला साडीतून लागत होता.

वर्ग आपोआप जोडला गेला होता. मॅडम हजेरी घेत होत्या. टॅब खाली झुकलेला असल्यामुळे आमच्या चौकोनात तोंडं दिसत नव्हती. माझं पोट, माझे हात, मांडी आणि समोरची चटई, एवढंच.

मांडीवरून दोन पाय पुढे आले होते.

लांब, बारीक पाय. चटईच्या निळ्या काठाच्याही पुढे गेलेले, फरशीवर. मी खाली पाहिलं. निळा काठ, फरशी, एक सुकलेली कैरीची साल. लेकीची पावलं माझ्या मांडीखालीच होती. पुन्हा चौकोनात पाहिलं. पाय होते. डाव्या टाचेवर कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी. नऊ दिवस त्याच टाचेतून रक्त काढत होते. इतरत्र कुठे शीरच सापडत नव्हती. अंगठे हलत होते. आपलं नाव आता येणार हे माहीत असलेल्या पोराचे हलतात, तसे.

मला भीती वाटली, असं लोकांना वाटेल. मला पहिल्यांदा काय वाटलं, तर ती उंच झाली आहे. माझ्यावर गेली आहे.

"स्निग्धा?" मॅडमनी पुकारलं.

मांडीवरच्या पोरीचा श्वास अडकला. ती जागा सुरू झाली, उत्तराएवढी. आता ती भरेल हे मला कळलं, आणि भरली की माझ्या मांडीवर जे तापलेलं, मुटकुळं करून पडलेलं आहे, त्याला वर्गात, घरात, कुठेच जागा उरणार नाही, तेही कळलं.

"मॅडम," मी मोठ्यानं म्हटलं. "ते नाव काढा यादीतून."

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"स्निग्धा माझी थोरली. ती नऊ दिवसांची होऊन गेली. ती वर्गात नाही. तिला पुकारू नका."

मी एका हातानं लेकीला धरलं आणि दुसऱ्या हातानं सेटिंग उघडलं. टॅबविषयी, नाव, पेन्सिल. मागे वर्ग चालूच होता, मॅडम हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या. मी पुसायला लागले. नाव देताना मी ते जुन्यावर सरळ टाइप केलं होतं, आणि ते झटकन उमटलं होतं. पुसताना एकेक अक्षर जातं. शेवटचं गेलं आणि 'ठीक आहे' हे बटण फिकं झालं. रिकामं नाव चालत नाही. थोडा वेळ त्या चौकटीत नुसती उभी रेघ लुकलुकत होती, आणि मीही तिथंच थांबले होते. मग मी उकिरड्यावरचं नाव लिहिलं.

वर्गात परत आले तेव्हा ते पाय अजून होते. मी चौकोनाकडे बघून म्हटलं, तोंडातल्या तोंडात, "जा, बिड्डा."

उजवा आधी मागे गेला. मग डावा. घाईनं नाही, दुसऱ्याच्या जागेवर बसलो होतो हे सांगितल्यावर शहाणं पोर उठतं तसे, कुणाला धक्का न लावता. चटईचा निळा काठ मोकळा झाला.

"पेंटम्मा?" मॅडम म्हणाल्या.

माझ्या मांडीवरून, बसलेल्या घशानं, "प्रेझेंट टीचर." तिच्या कपाळावर घाम फुटला होता. मी तो पदरानं टिपला. दारात अत्तम्मा येऊन उभ्या होत्या. त्यांनी हातातलं ओलं फडकं मला दिलं आणि गेल्या.

लेक संध्याकाळी दोन वाट्या अंबील प्यायली. आता हाक मारली की पहिल्याच हाकेला येते, धावत, चपला आपटत.

थोरलीनं मात्र हट्ट केला नाही. कशी करेल? नऊ दिवसांत तिला हट्ट करायला कुणी शिकवलं होतं? मी आयुष्यात दोनदा तिला काही सांगितलं, एकदा नाव आणि एकदा जायला, आणि दोन्ही वेळा तिनं ऐकलं. एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं तिनं. मला अजून त्याचाच राग येतो.